साडेदहा फुटी बोट, ९.९ चं इंजिन आणि गळाची मासेमारी

आधी निकाल सांगतो, कारणं मागून येतील. साडेदहा फुटी फायबरची बोट आणि तिच्या पाठीला ९.९ अश्वशक्तीचं इंजिन, ही जोडी गळानं मासे धरणाऱ्या एका माणसासाठी फार चांगली आहे, दोघांसाठी पुरेशी आहे आणि तिघांनी तिच्या नादी लागू नये. विकणारा सांगतो की चार माणसं बसतात. बसतात, हे खरं. पण मग वेग जातो, आणि रॉड मागं घेऊन फेकायला हात हलवायची जागाही उरत नाही.

माझं शिवाजी उद्यमनगरात छोटं मशीन शॉप आहे आणि गळाचा नाद शाळेपासूनचा. बोट घेतली तेव्हा शॉपमधल्या पोरांनासुद्धा प्रश्न पडला होता की कोल्हापुरात हिचं करायचं काय. प्रश्न बरोबर आहे, म्हणून पहिल्यांदा त्याचंच उत्तर देतो.

आपल्याकडं मासेमारी म्हणजे काठावरची. राजाराम बंधाऱ्याच्या खाली, नाहीतर पंचगंगेच्या आणि भोगावतीच्या कुठल्या तरी डोहावर, कणकेचा गोळा किंवा गांडूळ लावून तंगूस, म्हणजे गळाची नायलॉनची दोरी, सोडायचा आणि बसायचं. नदीवर तेच योग्य आहे. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांना पावसाळा सरला की बरगे, म्हणजे आडव्या फळ्या, घालतात आणि मागं पाणी तुंबतं. त्या तुंबलेल्या पाण्यात शेतकऱ्यांच्या मोटरींचे पाईप उतरलेले असतात, घाटावर धुणं चालू असतं, म्हशी बसलेल्या असतात, पोरं पोहत असतात. तिथं इंजिनाची बोट जोरात नेणं हा नुसता आडदांडपणा आहे. रंकाळ्यात किंवा कळंब्यात घालायचा तर विचारही मनात आणू नका. रंकाळ्यावर संध्याकाळी अख्खं गाव फिरायला असतं आणि कळंबा हा पिण्याच्या पाण्याचा तलाव आहे.

राधानगरी आणि काळम्मावाडीचं विस्तीर्ण पाणी बघून हात शिवशिवतात, मला कळतं. पण दोन्ही जलाशयांभोवती राधानगरी अभयारण्य आहे. १९५८ मध्ये दाजीपूरचं गवा अभयारण्य म्हणून ते सुरू झालं आणि १९८५ मध्ये वाढवलं. अभयारण्याच्या पाण्यात गळही टाकायचा नाही आणि बोटही घालायची नाही. गव्यांना आणि पाखरांना ती जागा सोडून दिली आहे, तशीच ती राहू दे.

मग उरतात दोन ठिकाणं. एक म्हणजे जिल्ह्यातले इतर मध्यम आणि लघु प्रकल्प, जिथल्या मासेमारीचा ठेका मच्छीमार सहकारी संस्थेकडं असतो. संस्थेच्या माणसांशी बोलून, पावती करून आणि जलसंपदा विभागाची परवानगी घेऊन तिथं जाता येतं. माझ्या जागेचं नाव मी लिहीत नाही, कारण त्या संस्थेनं ओळखीवर सोय केली आहे आणि तिथं गर्दी झाली तर त्यांच्या जाळ्यांचं नुकसान होईल. दुसरं ठिकाण घाटाखालची खाडी. गगनबावडा, करूळ घाट, वैभववाडी, तळेरे असं उतरलं की विजयदुर्गची वाघोटण खाडी. या बोटीचं खरं सोनं होतं ते तिथं.

आता बोट. लांबी साडेदहा फूट, रुंदी साडेचार, तळाला पुढं थोडा व्ही आकार आणि मागं जवळपास सपाट. नुसती बोट ७५ किलोच्या आसपास, म्हणजे दोन माणसं उचलून पिकअपमध्ये टाकतात. इंजिन चार-स्ट्रोक, चाळीस किलोच्या घरात, ते एकट्यानं उचलायच्या भानगडीत पडू नका, कंबर धरते. महापुराच्या वेळी २०१९ मध्ये आंबेवाडी-चिखलीकडं ज्या बोटी फिरत होत्या, त्यांच्या पाठीला असंच पण मोठं इंजिन होतं. तेव्हापासून आपल्याकडं बऱ्याच जणांच्या तोंडात ‘ओबीएम’ (आउटबोर्ड मोटर, बोटीच्या पाठीला लटकणारं इंजिन) हा शब्द बसला आहे. तेच हे, लहान मापाचं.

वेग मी मोबाईलच्या जीपीएसवर बघितला. मी एकटा, टाकी अर्धी, नांगर आणि दोन रॉड, एवढ्यावर बोट ताशी ३० किलोमीटरच्या थोडी पुढं जाते. आमचे दाजी पुढं बसले की २४ ला येते. तिसरा माणूस चढला की हँडल पूर्ण पिळलं तरी ११-१२ वर अडकते, नाळ, म्हणजे बोटीचं पुढचं टोक, आभाळाकडं, मागची बाजू पाण्यात रुतलेली आणि समोरचं काही दिसत नाही.

हे का होतं ते समजून घेतलं तर बोट निवडताना फसगत होत नाही. सावकाश चालणारी बोट पाणी बाजूला सारत जाते आणि स्वतःच उठवलेल्या लाटेत अडकून राहते. ठरावीक वेग ओलांडला की तळ वर चढतो आणि बोट पाण्याच्या पाठीवरनं सरकायला लागते. याला प्लेनिंग म्हणतात. त्या पायरीवर चढायला लागणारा जोर वजनावर ठरतो, आणि ९.९ मध्ये दोन माणसांपुरताच जोर आहे. दुसरी गोष्ट, वजन कुठं आहे. इंजिन मागं, टाकी मागं, चालवणारा मागं असं झालं की एकट्यालाही बोट चढत नाही. मी बारा लिटरची पेट्रोल टाकी पुढच्या फळीखाली नेली, तिची नळी लांब केली, आणि हँडलला पीव्हीसी पाईपचा दीड फुटी तुकडा जोडून मधल्या फळीवर बसायला लागलो. एवढ्या दोन बदलांनी बोट निम्म्या वेळात वर चढते. हँडलच्या पाईपला आतनं खाच पाडून क्लॅम्प लावला आहे, नुसता ओढून बसवला तर ऐन वळणावर हातात येईल.

हौसेनं गळ टाकणाऱ्याला एवढा वेग कशाला, असं दाजींनीच विचारलं होतं. त्यांनीच नंतर उत्तरही दिलं. आमच्या प्रकल्पावर बोट उतरवायची जागा भिंतीजवळ आणि मासे मिळायची जागा वरच्या अंगाला, जिथं मार्चनंतर पाणी उतरल्यावर नदीचं जुनं पात्र स्पष्ट होतं. अंतर साधारण सहा किलोमीटर. वल्ह्यांनी दीड तास, आणि पोहोचेपर्यंत खांदे गेलेले. या बोटीनं पंधरा मिनिटं. तांबडं फुटताना मरळ काठच्या गवतात असते आणि सूर्य वर आला की खोल जाते किंवा तोंड मिटून बसते. तो तास-सव्वा तास पाण्यावर मिळावा यासाठी वेग पाहिजे. परत यायलाही तो लागतो. एप्रिल-मे मध्ये दुपारनंतर पश्चिमेकडनं ढग चढले की वळीव किती झपाट्यानं येतो हे आपल्याला सांगायला नको. उघड्या पाण्यावर हातात कार्बनचा रॉड धरून बसलेला माणूस विजेला सगळ्यात उंच सापडतो. पहिला गडगडाट ऐकला की आम्ही गळ गुंडाळतो, मासा खेळत असला तरी.

जागेवर पोहोचल्यावर मात्र वेगाचा काही उपयोग नाही आणि इथं बोटीची दुसरी परीक्षा होते. साठ-सत्तर मीटर अलीकडं इंजिन बंद करायचं, ते वर उचलून ठेवायचं आणि वल्ह्यानं सरकायचं. या बोटीला वल्हीही बरी लागतात, रुंदीच्या मानानं ती सरळ चालते. फायबरचा तळ मात्र फार बोलका आहे. टपरवेअरचा डबा सांडला, जोडा घासला, रीळ खाली टेकलं, प्रत्येक आवाज तळातनं पाण्यात जातो. मी आत जाड फोमची चटई चिकटवली. चटईआधी आणि चटईनंतर असा फरक मरळीच्या बाबतीत मला स्पष्ट जाणवला. बेडकाचं लूर, म्हणजे बेडकाच्या आकाराचं खोटं आमिष, गवतावरनं ओढताना ती अगदी बोटीपासनं दोन काठ्यांच्या अंतरावर येऊन घेते, आधी घेत नव्हती.

मरळीवरनं एक सांगायचं राहील. पाऊस सुरू झाला की काठाच्या उथळ पाण्यात लालसर पिल्लांचा थवा एकदम वर येतो, खाली जातो. त्याच्याखाली नर-मादी राखण करत असतात आणि लूर पडलं की भुकेनं नाही तर रागानं त्यावर येतात. ती जोडी धरली की थवा दिवसाभरात इतर माशांच्या पोटात जातो. चढणीच्या माशांचंही तेच, पोट अंड्यांनी भरलेलं असतं. पावसाळ्यात बोट शॉपच्या मागं पालथी पडलेली असते आणि तशीच ठेवायची. बोटीनं माणसाला माशापर्यंत फार लवकर पोहोचवलं आहे, मग थोडी सूट माशालाही द्यायला हवी.

उभं राहून गळ फेकता येतो का? एकट्याला येतो, मधोमध आणि पाय फाकवून. दोघांनी एकाच वेळी उभं राहायचं नाही. सगळ्यात धोक्याचा क्षण मासा जवळ आल्यावरचा, कारण एक जण जाळी घेऊन वाकतो आणि दुसरा ते बघायला त्याच बाजूला झुकतो. दाजींनी धरलेला मोठा कटला कडेला आला तेव्हा कड पाण्यापासनं चार बोटं राहिली होती. तेव्हापासनं ठरवलेलं आहे, जाळी धरणारा वाकला की दुसऱ्यानं उलट्या बाजूला बसायचं.

नांगर पुढनंच टाकायचा, नाळेच्या कडीला. मागं इंजिनाचं वजन आधीच आहे, त्यात मागनं नांगर बांधला आणि लाट आली तर पाणी सरळ मागच्या फळीवरनं आत येतं. दोर खोलीच्या निदान पाचपट सोडायचा, नाहीतर नांगर रुतत नाही, घसरत येतो.

आता खाडी. भल्या पहाटे कोल्हापूर सोडायचं, बोट पिकअपमध्ये पालथी, इंजिन लाकडी घोडीवर उभं करून बांधलेलं. आडवं ठेवायचंच असेल तर चार-स्ट्रोक इंजिन कुठल्याही कुशीवर टाकून चालत नाही, तेल सिलिंडरमध्ये जातं. कुठल्या कुशीवर ठेवायचं ते इंजिनावर चिकटवलेलं असतं. करूळ घाटाच्या वळणांवर दोर सैल होतात, म्हणून वैभववाडीला उतरून एकदा आवळून घ्यायचे.

खाडीत आम्ही जातो ते मुख्यतः चोणकीसाठी, जिला रायगडकडं जिताडा म्हणतात, आणि तांबोशीसाठी. ओहोटी लागली की कांदळवनातल्या लहान ओढ्यांमधनं पाणी खाडीत उतरतं, त्याबरोबर कोळंबी आणि बारकी मासळी बाहेर येते, आणि चोणक ओढ्याच्या तोंडाशी आडोशाला थांबलेली असते. अशी तोंडं लांब लांब असतात आणि पाणी ठरावीक वेळच उतरत असतं. एका तोंडावर काही नाही मिळालं की गळ गुंडाळून पाच मिनिटांत पुढच्या तोंडावर, हे वल्ह्याच्या होडीला जमत नाही आणि मोठ्या बोटीला तिथल्या उथळ पाण्यात शिरता येत नाही. या बोटीचा तळ अर्धा फूट पाण्यात असतो. इंजिनाचा पंखा खाली जास्त जातो, तेव्हा दोन-अडीच फूट पाणी धरून चला आणि त्याहून कमी असेल तर इंजिन उचला. मधल्या लांब पट्ट्यात दोन लूर मागं सोडून ताशी पाच-सहाच्या चालीनं ओढत न्यायचे. चार-स्ट्रोक इंजिन या मंद चालीवर खोकत नाही, तासभर एका लयीत चालतं. ह्या एका गुणासाठी मी दोन-स्ट्रोक घेतलं नाही, ते वजनाला हलकं पडलं असतं तरी.

पण याच खाडीत बोटीची मर्यादाही कळते. उन्हाळ्याकडं झुकणाऱ्या महिन्यांत सकाळ उलटली की समुद्रावरनं वारा सुटतो. खाडीच्या तोंडाकडं पात्र रुंद आहे. ओहोटीचं पाणी बाहेर जातंय आणि वारा आत येतोय, अशी गाठ पडली की लाटा आखूड आणि उभ्या होतात. साडेदहा फुटी बोट त्यात नाळ आपटत चालते, फवारा अंगावर, आणि वेग ताशी दहावर आणावा लागतो. धक्क्यावरच्या एका म्हाताऱ्या तांडेलानं पहिल्याच वेळी बोटीकडं आणि मग आमच्याकडं बघून सांगितलं होतं, “नऊ वाजल्यार वारो सुटतलो. त्येच्या आदी परत येवा.” आम्ही ते तंतोतंत पाळतो. किल्ल्याच्या पुढं उघड्या समुद्रात ही बोट नेऊ नका. तिथल्या मच्छीमारांच्या फायबरच्या पाती, म्हणजे होड्या, दुप्पट लांबीच्या असतात आणि चालवणाऱ्यांचा जन्म त्या पाण्यावर गेलेला असतो.

भरतीचं गणितही आपल्या घाटावरच्या माणसाला शिकून घ्यावं लागतं. अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी जोरात चढतं-उतरतं, अष्टमीच्या भांगाला संथ असतं. ओढ्यांच्या तोंडावर उधाण बरं, पण परतताना बोट लावायची जागा चिखलात गेलेली असू शकते. भांगाला मासे जरा कमी मिळतात पण बोट हाताळायला सोपी जाते. नवीन माणसानं भांगापासून सुरुवात करावी.

आता तक्रार, आणि ती गंभीर आहे. बोट बनवणारा कोण ते लिहीत नाही, कारण चौकशी केल्यावर कळलं की अशी कामं बरीच जण करतात. बोटीची मागची फळी, जिला इंजिन लटकतं, ती आतनं प्लायवूडची आणि वरनं फायबरची असते. कडी, पाणी काढायची बूच, वायरचा क्लिप असं सगळं तिच्यात स्क्रूनं बसवलेलं होतं. शॉपमध्ये बोट धुताना कडीचा एक स्क्रू ढिला वाटला म्हणून बाहेर काढला. स्टीलचा स्क्रू आट्यांपर्यंत ओला, आणि आट्यांमध्ये चहापत्तीसारखा काळपट भुसा अडकलेला. तो बोटांत चुरला तर पाणी सुटलं. भोकाला सिलंट नावालाही नव्हता. मग बोटांच्या पेरांनी फळी वाजवून बघितली. वर खणखणीत आवाज, आणि खाली बुचाच्या भोवती मेलेला, बद्द. पाणी प्लायवूडमध्ये शिरलं होतं.

हे वरनं कधीच दिसत नाही. फायबर चकचकीत राहतं, आत लाकूड कुजतं, आणि चाळीस किलोचं इंजिन पूर्ण जोरात ढकलत असताना एक दिवस फळी फाटते. विकणाऱ्याला फोन केला तर उत्तर आलं की सगळ्या बोटी अशाच येतात. मी सगळे स्क्रू काढले, भोकं मोठी केली, खालच्या भोकातनं ओला भुसा खरवडून काढला, बोट शॉपच्या पत्र्याखाली उन्हाळाभर कोरडी होऊ दिली. मग भोकं इपॉक्सीनं पूर्ण भरली, ती घट्ट झाल्यावर मधोमध नवीन बारीक भोक पाडलं आणि मरीन सिलंट लावून स्क्रू बसवले. आता लाकडाला पाणी लागायचं झालं तर आधी इपॉक्सी ओलांडावी लागेल. इंजिनाचे शिकंजे जिथं आवळतात तिथं आतबाहेर अॅल्युमिनियमची प्लेट दिली, म्हणजे फळी चेपत नाही. नवी बोट घेतली तरी हे काम पाण्यात घालण्याआधी करून घ्या. एका सुट्टीचं काम आहे.

इंजिनाच्या बाबतीत तक्रार नाही, पण त्याचं थोडं करावं लागतं. चालू केल्यावर पहिल्यांदा मागं बघायचं. एका बाजूच्या बारीक भोकातनं पेन्सिलीएवढी पाण्याची धार सतत पडली पाहिजे. ती पडते म्हणजे थंडावा देणारं पाणी आत फिरतंय. धरणातल्या शेवाळानं आणि खाडीतल्या गाळानं ते भोक तुंबतं. जाड तंगुसाचा वितभर तुकडा मी इंजिनाला बांधूनच ठेवला आहे, तो भोकात घालून दोनदा फिरवला की धार मोकळी होते. मोकळी झाली नाही तर इंजिन लगेच बंद करायचं आणि वल्ही काढायची.

दुसरं, पेट्रोल. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. इथेनॉल हवेतला ओलावा ओढतं, आणि पाणी फार झालं की ते पेट्रोलपासून वेगळं होऊन तळाशी बसतं. गाडी रोज चालते म्हणून तिला फरक पडत नाही. बोटीचं इंजिन तीन-चार आठवडे उभं राहतं. घरी आलं की टाकीची नळी काढून इंजिन चालू करायचं आणि कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल संपून ते आपोआप बंद पडू द्यायचं. टाकीत उरलेलं पेट्रोल मी मोटरसायकलला घालतो.

खाडीहून आल्यावर दोनशे लिटरच्या बॅरलमध्ये गोडं पाणी भरून इंजिन त्यात दहा मिनिटं चालवायचं. रात्री कितीही उशीर झाला तरी हे त्याच दिवशी. बॅरल शॉपमध्ये असल्यानं मला सोपं पडतं, फ्लॅटमध्ये राहणाऱ्यानं याचा आधी विचार करावा.

पेट्रोलचा खर्च पूर्ण जोरात तासाला चार लिटरच्या आसपास, मध्यम चालीला निम्मा, लूर ओढताना त्याहूनही कमी. बोट, इंजिन, जाकिटं, नांगर, वल्ही सगळं मिळून मला सव्वातीन लाखांच्या आसपास पडलं, त्यात बोटीपेक्षा इंजिन दुपटीनं महाग. पंधराचं इंजिन लावू का, असं बरेच जण विचारतात. बोटीवर बनवणाऱ्यानं जेवढी अश्वशक्ती लिहिली असेल त्याच्या वर जाऊ नका. वजन मागं वाढतं, वळणावर बोट कलंडते, आणि मासे काही जास्त मिळत नाहीत. ते पैसे चांगल्या जाकिटांत घाला.

जाकीट नुसतं बोटीत ठेवायचं नाही, अंगात घालायचं. धरणाच्या पाण्याखाली जुनी झाडं, बांध, विहिरींचे काठ असतात, आणि पट्टीचा पोहणाराही कपड्यांसकट तिथं दमतो. तसंच इंजिनाला एक लाल दोरी येते. तिचं एक टोक इंजिनाच्या बटणात आणि दुसरं चालवणाऱ्याच्या मांडीला. माणूस पडला तर दोरी निघते आणि इंजिन बंद पडतं. दोरी न लावता एकटा माणूस पडला तर बोट हँडल मोकळं सोडून गोल फिरत त्याच्याच अंगावर येते, पंखा चालू असताना. दाजींना सुरुवातीला दोरीचा कंटाळा यायचा. “पाव्हणं, गायीला बांधल्यागत वाटतंय,” म्हणायचे. आता दोरी लावल्याशिवाय तेच मला इंजिन ओढू देत नाहीत.

कागदपत्रांचं विसरू नका. इंजिनाच्या बोटीला २०२१ च्या अंतर्देशीय जलयान कायद्यानुसार नोंदणी लागते, आणि खाडीत घालण्याआधी महाराष्ट्र सागरी मंडळाच्या बंदर कार्यालयात जाऊन यावं. पावसाळ्यातल्या मासेमारी बंदीच्या काळात, १ जून ते ३१ जुलै, आम्ही खाडीकडं फिरकत नाही.

ज्याला वर्षातनं चार वेळा घरच्यांना घेऊन पाण्यावर फिरायचं आहे त्यानं ही बोट घेऊ नये, त्याला चौदा फुटी आणि जास्त कडेची बोट लागेल. ज्याच्याकडं उचलायला दुसरा माणूस नाही त्यानं हवेची बोट आणि अडीच-तीन अश्वशक्तीचं इंजिन घ्यावं, वेग सोडावा. ज्याला पहाटेच्या त्या तासाची किंमत कळते, जो शेजारी एक भरवशाचा माणूस घेऊन जातो आणि वारा सुटायच्या आत मागं फिरतो, त्यानं बिनधास्त घ्यावी. मी परत घ्यायची झाली तर हेच माप घेईन, हेच इंजिन घेईन, आणि बनवणाऱ्याच्या शेडमध्ये स्वतः उभं राहून प्रत्येक भोकात सिलंट भरून घेईन.

जुनी मिळत असेल तर इंजिन चालू करून बघायच्या आधी मागची फळी बोटांच्या पेरांनी वाजवा, वरपासून खालपर्यंत, आणि बुचाभोवती जास्त. मग इंजिन बसवलेलं असताना त्याची खालची बाजू दोन्ही हातांनी धरून मागं-पुढं हलवा आणि फळीकडं बघा. फळी केसभरही हलली तर किंमत कितीही खाली आली तरी ती बोट सोडून द्या.